कंट्रोल कोणाकडे आहे?

“कंट्रोल कोणाकडे आहे?” असं मला विमान शिकवणाऱ्या मुलीने विचारलं तेव्हा आम्ही साधारण दीड हजार फुटांवर होतो. आवाज अगदी रोजचा. गॅस बंद केला होता ना, असं विचारावं तसा. मी म्हटलं, “तुझ्याकडे.” ती म्हणाली, “मला वाटलं, तुमच्याकडे.” माझा डावा हात खिडकीच्या काचेला टेकलेला होता, खालचं मिठागर दाखवायला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, कारण ती माझ्या बाजूला वाकून तेच मिठागर बघत होती. डावा पंख किंचित, अगदी किंचित कलायला लागला होता. पुढच्या क्षणी तिने हात घातला, “आय हॅव द फ्लाइट कंट्रोल्स” म्हणाली, पंख सरळ झाला, संपलं. त्याआधी किती सेकंद ते विमान कोणीच चालवत नव्हतं, देव जाणे. आठ असतील, दहा असतील. विमानाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. ते आपलं चाललं होतं.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. कोणी विचारलं की मी बाकीचं सगळं रंगवून सांगते. हे तेवढं गाळते. घाबरले म्हणून नव्हे, घाबरायला वेळच मिळाला नाही. पण भांडी घासताना, ऑफिसच्या कॉलवर कोणीतरी लांबण लावलेली असताना, तो प्रश्न मध्येच येऊन बसतो आणि उठत नाही.

झालं असं, की पन्नाशीच्या वाढदिवसाला लेकीने एक पाकीट हातात ठेवलं. मला वाटलं स्पाचं कुपन असेल. गेल्या वर्षी तेच होतं. आत होतं विमान चालवण्याच्या पहिल्या धड्याचं पत्र. इकडे अमेरिकेत याला डिस्कव्हरी फ्लाइट म्हणतात. नुसतं शेजारी बसून फिरून यायचं नसतं. तुम्ही डावीकडे बसता, पायलटच्या जागेवर, आणि बराच वेळ विमान खरंच तुमच्या हातात देतात. पुढे शिकायचं ठरवलंत तर ही वेळ तुमच्या तासांत धरली जाते. लायसन्सला किमान चाळीस तास लागतात, त्यातला हा पहिला. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “इन्शुरन्सचे कागद कुठल्या फाइलमध्ये आहेत?” लेकीला म्हटलं, हे मला का सुचलं नाही गं तुझ्या वयात? ती म्हणाली, “आई, तुला स्कूटर आवडायची ना?” स्कूटर! कुठली गोष्ट या मुली कुठे जोडतील, सांगता येत नाही.

पालो अल्टोचा विमानतळ आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. इतकी वर्षं त्याच्या शेजारच्या दलदलीत पक्षी बघायला जातोय, डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या विमानांकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. एका बाजूला गोल्फचं मैदान, दुसऱ्या बाजूला खाडी. धावपट्टी २४४३ फूट, म्हणजे साडेसातशे मीटरही भरत नाही. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीची पावपटसुद्धा नाही. सप्टेंबरातली सकाळ असल्यामुळे खाडीवर ढगांचं झाकण होतं आणि ते उघडेपर्यंत थांबा, असा हुकूम झाला. दीड तास एका कळकट सोफ्यावर बसून मशीनची कॉफी पीत होते. पहिल्या धड्यात काय शिकायला मिळतं असं कोणी विचारलं, तर आधी हेच सांगेन: वाट बघायला. घाई असलेल्या माणसाला इथे कोणी विचारत नाही, हे मला फार आवडलं.

शिकवणारी चोवीस वर्षांची. माझ्या संसारापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिला पुढे एअरलाइनमध्ये जायचं आहे, आणि त्यासाठी इथे दीड हजार तास उड्डाण लागतं. ते तास जमवायचा सोपा मार्ग म्हणजे माझ्यासारख्यांना शिकवणं. म्हणजे तिची वाट आमच्यासारख्यांच्या धडपडण्यावरून जाते. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्यामुळे तिचा प्रश्न सुटलेला होता. मी मात्र मनातल्या मनात तिचं बोलणं ‘तुम्ही’त आणि माझं ‘तू’त उलटवत होते. सवय जात नाही. तिने पहिलाच प्रश्न विचारला, तो वजन किती. खरं वजन हवं, म्हणाली, घरी सांगता ते नको. चार माणसांच्या एवढ्याशा विमानात कोण किती जड आणि कुठे बसलंय याचा हिशेब कागदावर मांडावा लागतो. मी सांगितलं. मग दोन किलो वाढवून पुन्हा सांगितलं.

विमान म्हणजे सेसना १७२. १९५६ पासून बनतंय, आणि जगात याच्याइतकी विमानं दुसऱ्या कुठल्या जातीची बनलेली नाहीत. आपल्याकडच्या बजाज स्कूटरसारखंच ते, सगळ्यांनी त्याच्यावरच हात साफ केलेला. जवळ जाऊन बघितलं तर पत्रा पातळ, रिबिटी दिसतात, दार टेम्पोच्या दारासारखं खाडकन लागतं. उडण्याआधी त्याच्याभोवती हातात यादी घेऊन एक प्रदक्षिणा घालायची. हा भाग इतका वेळ चालेल असं मला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तोच सगळ्यात आवडला. प्रत्येक बिजागरी हलवून बघायची. पंखाखाली एक बोंडशी असते, तिला काचेच्या नळीसारखं भांडं लावून दाबलं की थोडं पेट्रोल निघतं. ते उजेडात धरायचं. रंग फिकट निळा हवा आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. पाणी जड, ते खाली बसतं. नाकाशी धरलं तर वास थेट १९९३ सालचा. तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. डाव्या पंखाच्या कडेला एक चपटं भोक आहे. विमान फार हळू उडायला लागलं, पंखावरची हवा सुटायला आली, की त्यातून हवा उलटी ओढली जाते आणि आत भोंगा वाजतो. तो चालू आहे का बघायला तिने त्या भोकावर रुमाल धरला, तोंड लावलं आणि हवा ओढली. आतून रडक्या बाजाच्या पेटीसारखा आवाज आला. एवढं मोठं यंत्र, आणि परीक्षा अशी!

मागे सरकताना माझं कपाळ पंखाच्या कडेवर आपटलं. बरोबर टिकलीच्या जागी. ती हसली नाही. म्हणाली, या विमानावर शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर ही खूण एकदा तरी उमटतेच, पत्र्याच्या नक्षीमुळे चौकोनी हिऱ्यासारखा वण येतो. चार दिवस होता माझ्या कपाळावर. ऑफिसातल्या एका तेलुगू मैत्रिणीने विचारलं, आज काही पूजा होती का?

आत बसण्याआधी तिने खिसे रिकामे करायला सांगितले. काही सुटून पायातल्या पेडलखाली गेलं तर पंचाईत. जॅकेटच्या खिशातून निघालं ते असं: लिप बाम, भारतातून येताना विमानात दिलेली बडीशेपेची पुडी, आणि एक किल्ली. सिद्धिविनायकाचं कीचेन, चांदीचा मुलामा उडालेला. बाबांच्या अॅक्टिव्हाची किल्ली. जानेवारीपासून माझ्याच खिशात होती, आणि मी ते विसरले होते असं म्हणायला मला आवडेल. “गाडीची?” तिने विचारलं. मी म्हटलं, “वडिलांच्या स्कूटरची.” तिने ती माझ्या पर्समध्ये टाकली आणि पर्स मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली.

मला उशी लागली. पाच फूट एक इंच उंचीला समोरच्या बॉनेटपलीकडचं काही दिसेना. उशीवर बसवून, सीट पुढे सरकवून, कानांवर हेडफोन चढवून तिने मला नीट शिकवलं ते एकच वाक्य. ते विमानाबद्दलचं नव्हतं, आमच्या दोघींबद्दलचं होतं. विमान एकीकडून दुसरीकडे देताना तीनदा म्हणायचं. देणारीने म्हणायचं, “यू हॅव द फ्लाइट कंट्रोल्स.” घेणारीने म्हणायचं, “आय हॅव द फ्लाइट कंट्रोल्स.” मग देणारीने पुन्हा, “यू हॅव द फ्लाइट कंट्रोल्स,” आणि वर डोळ्यांनी बघून खात्री करायची. सप्तपदी आठवली मला. तीनदा कशाला, असं विचारलं. तिने सांगितलं, दोघांनाही वाटत असतं की दुसरा चालवतोय, किंवा दोघंही एकाच वेळी उलटसुलट चालवत असतात, आणि यातून खरेखुरे अपघात झालेत. मी मान डोलावली. पाठ झालं म्हणाले. पुढच्या तासाभरात आम्ही दोघींनी मिळून नेमकं तेच विसरायचं होतं.

जमिनीवर विमान पायांनी चालतं. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. समोर जे स्टिअरिंगसारखं दिसतं, योक म्हणतात त्याला, ते जमिनीवर वळवून काही उपयोग नाही. तळपायाने पेडल दाबलं तर नाक वळतं, चवड्याने वरचा भाग दाबला तर ब्रेक. मी तीस वर्षांच्या सवयीने हातांनी वळवत होते आणि विमान पिवळ्या रेषेवरून झिंगलेल्या माणसासारखं या कडेपासून त्या कडेला जात होतं. रेडिओवर टॉवरवाला बोलत होता, तो दादर स्टेशनवरच्या घोषणेसारखा. आपली गाडी असल्याशिवाय एक शब्द कळत नाही. धावपट्टीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. ३१ नंबरची धावपट्टी, कारण तिचं तोंड होकायंत्राच्या ३१० अंशांकडे. शेवटचं शून्य गाळतात. तिथे इंजिनाचा जोर वाढवून, मिनिटाला अठराशे फेऱ्यांवर नेऊन, किल्ली एकदा ‘लेफ्ट’वर, एकदा ‘राइट’वर आणायची. मी विचारलं हे काय. प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारे दोन मॅग्नेटो आहेत, ती म्हणाली. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक बंद करून दुसऱ्यावर इंजिन नीट चालतंय का बघायचं.

चार सिलिंडर, आठ प्लग.

बाबा रविवारी सकाळी प्लग साफ करायचे. मुलुंड पूर्वेला आमच्या चाळवजा बिल्डिंगीखाली, गोणपाटावर बसून. नळीसारख्या पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, ब्लेडचा तुकडा घालून फट बघायची. बजाज सुपरला बॅटरी नव्हती, मॅग्नेटोवरच सगळं. गोष्टही ठरलेली. १९३० सालची. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अॅस्पी इंजिनिअर नावाचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघं भेटले, तर अॅस्पी प्लगवाचून अडकलेला. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. अॅस्पी आधी पोचला, बक्षीस त्याला मिळालं, पुढे तो वायुसेनेचा प्रमुख झाला. कोणी दुसऱ्याने ही गोष्ट सांगितली असती तर तिच्यातून खिलाडूपणा काढला असता. बाबा प्लग पुन्हा बसवत म्हणायचे, “म्हणून एक प्लग कायम जादा ठेवावा.” बस्स. डिकीत असायचाच, प्लास्टिकच्या डबीत, फडक्यात गुंडाळून.

त्याच स्कूटरवर त्यांनी मला शिकवलं. अठरा पूर्ण झाल्यावर, त्याआधी एक दिवसही नाही. मिठागर रोडवर, संध्याकाळी, वर्दळ कमी झाल्यावर. हवेला खारट ओलसर वास, लांबवर मिठाच्या राशी, वर गवताने शाकारलेल्या. लोकांचे वडील सायकल शिकवताना मागचा हात हळूच काढून घेतात म्हणे. माझ्या वडिलांनी हात काढलाच नाही. ते मागे बसायचे आणि माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घालून, माझ्या मुठींवर त्यांच्या मुठी. क्लच दाबतेय कोण, गिअर टाकतंय कोण, वळतंय कोण, काही कळायचं नाही. दोन महिने हे चाललं. “शाब्बास, छान चालवलीस,” म्हणायचे खाली उतरल्यावर, आणि मला आत कुठेतरी माहीत असायचं की मी चालवलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर एकटी बसले ती थेट आरटीओच्या परीक्षेत, आठचा आकडा काढायला. पाठीशी गार हवा लागली, ती अजून आठवते. पास झाले. बाहेर बाबा उभे होते. त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, मला मागे बसायला सांगितलं आणि घरी आणलं.

उड्डाणाचं वर्णन करायला बसले की माझी पंचाईत होते, कारण तो भाग फार पटकन झाला. तिने जोर पूर्ण दिला. विमान डावीकडे ओढ घ्यायला लागलं. पंख्याने मागे फेकलेली हवा गरगरत जाऊन शेपटाच्या डाव्या बाजूवर आपटते, म्हणून. ती “उजवा पाय, उजवा पाय” करत होती. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास तिने हलकेच मागे ओढायला सांगितलं आणि चाकांची खडखड थांबली. एवढंच. मोठ्या विमानात पाठ सीटला चिकटते, तसं काही नाही. गोल्फचं मैदान खाली गेलं, दलदलीतले पाण्याचे वाकडेतिकडे फाटे दिसले, आणि उजवीकडे वळताना मॉफेट फील्डचा तो प्रचंड हँगर. शंभरेक वर्षांपूर्वीच्या, गॅसने भरलेल्या फुग्यांसारख्या हवाई जहाजांच्या जमान्यातला, रस्त्यावरून जाताना रोज दिसणारा. वरून एखाद्या उपड्या ठेवलेल्या टोपलीसारखा.

पूर्वेकडच्या वाळक्या, गव्हाच्या रंगाच्या टेकड्यांवर तीन हजार फुटांवर गेल्यावर तिने विधिवत विमान माझ्या हातात दिलं. तीनही वाक्यं म्हणून. आणि मी त्या योकला असं धरलं, की लोकलच्या दांड्याला धरतात. विमान वर जाई, मी खाली दाबे. खाली जाई, मी वर ओढे. डोळे समोरच्या काट्यांवर. तिने माझ्या पुढ्यातल्या घड्याळांवर सरळ एक कागद धरला आणि म्हणाली, बाहेर बघा. नाक आणि क्षितिज यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. बास. मग तिने खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांत ओवली: मधल्या बोटाच्या वरून, शेजारच्या दोन बोटांच्या खालून. आता धरा, म्हणाली. मी नेहमीसारखं आवळलं आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. शाळेत गणिताचे मास्तर याच पद्धतीने शिक्षा करायचे. इथे ते औषध होतं. घट्ट धरलं की दुखतं, म्हणून मूठ आपोआप सैल पडते. सैल पडली, आणि पाच मिनिटांत विमान सरळ जायला लागलं. म्हणजे ते आधीही सरळच जात असणार. मधे मी होते.

मग तिने गुडघ्यापाशी असलेलं एक दातेरी काळं चाक दाखवलं. हात ज्या बाजूला जोर लावतोय तो जोर नाहीसा होईपर्यंत ते फिरवायचं. याला ट्रिम म्हणतात. एका ठिकाणी येऊन हातातला भार खरोखरच संपतो. “आता सोडा,” ती म्हणाली. मी सोडलं. काही झालं नाही. टेकड्या मागे सरकत राहिल्या. मला तेव्हा जे वाटलं त्याला आनंद म्हणावं की अपमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

येताना डंबार्टन पुलाच्या अलीकडे मिठागरं लागली. इतक्या वेळा पुलावरून गाडीने गेले आहे, तिथून ती नुसती राखाडी डबकी दिसतात. वरून बघितलं तर गुलाबी, विटकरी, शेवाळी, एक तर चक्क कोकमाच्या सरबताच्या रंगाचं. पाणी आटत जाऊन जितकं खारट होत जातं तितके त्यात तग धरणारे जीव बदलतात आणि त्यांचे हे रंग. मुलुंडला असे रंग कधी दिसले नव्हते. किंवा दीड हजार फुटांवरून मुलुंड मी बघितलेलं नाही. मी म्हटलं, “हे बघ, माझ्या गावाला…” आणि हात उचलला. ती वाकली. तिचा हात मी उचललेल्या हाताच्या जवळून गेला, म्हणून मला वाटलं तिने घेतलं. मी काही बोलले नाही, म्हणून तिला वाटलं माझ्याकडेच आहे. पुढचं वर सांगितलंच आहे.

उतरवलं तिनेच. माझे हात तिच्या हालचालींमागोमाग नुसते ठेवलेले. चाकं टेकली, मोटर बंद झाली, आणि पंखा थांबल्यावर जी शांतता पसरते तिच्यात तिने आधी पट्टा सोडला, मग म्हणाली, “मघाशी ती चूक माझी होती. मी शिकवणारी आहे, मी म्हणायला हवं होतं.” एवढं बोलून तिने कोरी लॉगबुक काढली, पहिल्या ओळीत तारीख, विमानाचा नंबर आणि ०.९ तास लिहिलं आणि सही केली. मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या घरात असं वाक्य कोणी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. चूक मान्य करणं सोडा. मुळात कोणी काही हातात दिलं, कोणी घेतलं, हेच कधी बोललं गेलेलं नाही. सासूबाईंनी स्वयंपाकघर माझ्याकडे कधी दिलं? त्यांनी दिलं नाही, मी घेतलं नाही. एक दिवस आमटी ढवळता ढवळता त्यांनीच मला विचारलं, “मीठ किती घालू गं?” तेव्हा मला कळलं, आणि बहुतेक त्यांनाही.

आणि बाबांचं तर आम्ही चोरूनच केलं.

जानेवारीत मी गेले होते तेव्हा ते ब्याऐंशीचे होते. भाजी आणायला अॅक्टिव्हावरून गेले आणि कोपऱ्यावर एका हातगाडीला धडकले. कोणाला लागलं नाही. टोमॅटो सांडले, त्याचे पैसे त्यांनी देऊ केले, भाजीवाल्याने घेतले नाहीत. चाळीस वर्षांची ओळख. पण त्याने दादाला फोन केला. त्या रात्री मी आणि दादा गॅलरीत हळू आवाजात बोललो, जसं लहानपणी निकालाच्या आधी बोलायचो. सकाळी बाबा अंघोळीला गेलेले असताना मी कालनिर्णयच्या खिळ्यावरून किल्ली काढली. दादाने दुसऱ्या किल्लीने गाडी ठाण्याला त्याच्या पार्किंगमध्ये नेली. “सर्व्हिसिंगला दिलीय,” असं आम्ही सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठल्या गॅरेजला. दुसऱ्या दिवशी, कधी देणार. तिसऱ्या दिवशी, काय निघालं तिच्यात. चौथ्या दिवशी विचारलं नाही. फक्त गाडी पुसायचं पिवळं फडकं त्यांनी धुऊन दांडीवर वाळत घातलं, चिमटे लावून. माझी परतीची फ्लाइट दोन दिवसांवर होती. मी बॅगा भरत राहिले.

बरोबरच केलं आम्ही. आजही तसंच करू. पण तो माणूस आयुष्यभर एक जादा प्लग बाळगत आला, आणि त्याला आम्ही गॅरेजची थाप मारली.

परवा रविवारी व्हिडिओ कॉल केला तेव्हा उड्डाणाचं सांगितलं. लेकीने फोटो आधीच पाठवले होते. बाबांना पंख, उंची, मिठागर कशातच रस नव्हता. “इंजिन केवढं?” विचारलं. चार सिलिंडर, म्हटलं. “प्लग?” आठ. “आठ,” ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मी तोपर्यंत पर्समधून किल्ली काढून हातात घेतली होती. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. तीन वाक्यं तर नक्कीच सुचली नव्हती.

“बाबा, अॅक्टिव्हाची किल्ली माझ्याकडे आहे.”

“माझ्याकडे नाही, एवढं ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“गाडी गॅरेजला नव्हती. दादाकडे आहे, ठाण्याला. आम्ही दोघांनी…”

“उघड्यावर आहे का?”

“नाही, शेडमध्ये.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. स्क्रीनवर त्यांचं अर्धंच तोंड दिसत होतं, नेहमीसारखं. कपाळ आणि वरचा पंखा.

“त्याला सांग,” ते म्हणाले, “आठवड्यातून एकदा डबल स्टँडवर घ्यायची आणि किक मारायची. नुसतं बटण नाही. बॅटरी उतरते. दहा मिनिटं चालू ठेवायची.”

“सांगते.”

“लिहून घे. तो विसरतो.”

मी लिहून घेतलं.